लंबू-ठेंगूची शोकसभा

मुळात मला फक्त एक रेकॉर्ड ऐकायची होती, आणि तीही ताईबरोबर. एवढ्याशा इच्छेपायी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, माझं ऑफिस आणि हॉलभर रडवेली अनोळखी माणसं कशी ओढली गेली, हे मी आता स्वतःच सांगून टाकतो. कारण बायको हल्ली चारचौघांत बसली की "आमच्या ह्यांनी ना, जिवंत माणसांची शोकसभा घेतली होती," अशी सुरुवात करते आणि मग माझी बाजू ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

लंबू आणि ठेंगू ही आमच्या घरातली नावं. त्यांची खरी नावं सगळ्या जगाला ठाऊक आहेत, पण आमच्याकडे त्या दोघांना खऱ्या नावाने हाक मारणं म्हणजे सख्ख्या काकाला 'श्रीयुत' म्हणण्यासारखं झालं असतं. उंच असलेला गातो, बुटका मागे कीबोर्डवर हात ठेवून, कोणीतरी रागावल्यासारखा उभा असतो. ताईच्या तरुणपणी आणि माझ्या शाळकरी वयात त्यांची गाणी आमच्या घरात इतकी वाजली की बाबांनाही ती पाठ झाली होती, आणि ते ती शिव्या देत गुणगुणायचे. पुढे ताईचं लग्न झालं तेही असल्याच एका वेड्याशी. भावोजी दाढी करताना लंबूचं गायचे आणि ठेंगूचं तोंडाने वाजवायचे, त्यामुळे त्यांची हनुवटी कायम कापलेली असायची.

भावोजी मागल्या वर्षी गेले. तेव्हापासून ताईच्या घरात गाणं बंद झालं. तिने कसला नेम केला नव्हता, रडली नाही, दुखणं धरलं नाही. फक्त रेडिओवर हवामानाचा अंदाज संपला की तिचा हात बटणाकडे जायचा.

अशात बातमी आली की लंबू-ठेंगूंनी इतक्या वर्षांनी नवीन अल्बम काढला. मी लगेच त्याची रेकॉर्ड मागवली. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र घरात नाही, हे मला ती आल्यावर आठवलं. बायकोने त्यावर काही भाष्य केलं नाही. ती नुसती रेकॉर्डकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. भाष्य परवडलं असतं.

मी ताईला फोन केला.

"ताई, लंबू-ठेंगूंची नवी रेकॉर्ड आलीये."

"बरं."

"ऐकायला येतेस?"

"वयं काय झाली त्यांची? म्हातारपणी माणसाने गाऊ नये, आणि गायलं तर बाकीच्यांनी ऐकू नये. गॅसवर दूध आहे रे."

ताईला नको असलेला विषय निघाला की तिच्या गॅसवर नेहमी दूध असतं. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या बाईला फोन कधी ठेवावा हे आपण शिकवायचं नसतं.

"एकटीला बोलावलंत तर त्या कशाला येतील?" बायको म्हणाली. "समोर बसून तुम्ही त्यांचं तोंड न्याहाळणार. मला बोलावलंत तर मीसुद्धा येणार नाही. चार माणसं जमवा. गर्दीत माणसाला बरं वाटतं, कोणी बघत नसतं."

हे पटलं. यंत्रासाठी मी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या दवाखान्यात पेशंटचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कायम संगीत चालू असतं, त्यामुळे त्यांच्याकडे उत्तम सामग्री आहे. यंत्र द्यायला ते आनंदाने तयार झाले, पण आमची बैठकीची खोली बघून त्यांनी, किडलेली दाढ बघून हलवतात तशी मान हलवली.

"माझे स्पीकर इथे वाजवणं म्हणजे बादलीत पोहणं आहे. खालचा हॉल घ्या. आवाजाला मोकळं फिरू द्या."

म्हणून मी खालचा हॉल मागायला सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि अजूनही प्रत्येक माणूस थोडा कमी भरतो अशा नजरेने बघतात. त्यांनी नियमांची वही उघडली.

"हॉल तीन कारणांसाठी मिळतो. लग्नाची बोलणी, सर्वसाधारण सभा आणि शोकसभा. संगीताला बंदी आहे."

"शोकसभेलासुद्धा?"

"शोकसभेत मृत व्यक्तीला प्रिय असलेलं संगीत मर्यादित आवाजात चालतं." त्यांनी चष्मा वर केला. "तुमच्याकडे कोणी गेलंय का?"

"नाही हो."

"घाई करू नका. आठवून बघा. प्रत्येकाकडे कोणी ना कोणी गेलेलं असतं."

भावोजींचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, पण हॉल मिळवायला त्यांना वापरणं मला जमेना. तोवर सेक्रेटरींनी माझ्या हातातल्या रेकॉर्डचं कव्हर आपल्याकडे वळवलं. त्यावर लंबू आणि ठेंगू एका बाकावर पाठमोरे बसले होते, समोर धुकं होतं.

"हे दोघं कोण?"

"गायक आहेत. फार जुने."

"तुम्हाला त्यांच्या आठवणी आहेत?"

"पुष्कळ!"

"मग झालं तर. स्मृत्यर्थ लिहितो. स्मृती काय, जिवंत माणसाच्याही असतात." आणि त्यांनी शिक्का मारला. नियम वाकवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच बघितला, त्यामुळे माझ्या तोंडून विरोध फुटला नाही.

संध्याकाळी फलकावर सुवाच्य अक्षरात सूचना लागली: सुप्रसिद्ध गायकद्वयाच्या स्मृत्यर्थ शोकसभा, शनिवारी दुपारी, त्यांच्या अखेरच्या गीतांसह. 'अखेरच्या' हा शब्द त्यांना कुठून सुचला कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाले, "यानंतर त्यांनी काही काढलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग?"

डॉक्टरांनी त्या सूचनेचा फोटो काढून लंबू-ठेंगूंच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकला. चार माणसं जमावीत हाच त्यांचा शुद्ध हेतू होता. मी चहा पिऊन फोन हातात घेतला तोवर ग्रुपवर हलकल्लोळ झाला होता. एकाने लिहिलं होतं, माझं बालपण आज संपलं. एका बाईंनी लिहिलं होतं, दोघं एकदम गेले, एकमेकांशिवाय राहूच शकले नसते. बातमी कुठेच कशी नाही असं कोणी शहाण्याने विचारलं, तर त्याला उत्तर मिळालं की कंपनीने मुद्दाम दाबून ठेवलीये.

मी घाईघाईने लिहिलं, "कृपया गैरसमज नको. ते दोघं जिवंत आहेत."

त्यावर धडाधड उत्तरं आली. "अगदी खरं." "आपल्या हृदयात कायमच." "फार सुंदर शब्दांत मांडलंत, दादा."

इथे माझ्या व्यवसायाबद्दल सांगणं भाग आहे. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. माणूस खरोखरच गेलाय ना, याची खात्री करून घेणं हेच माझं काम. इतकी वर्षं मी ते चोख केलंय. त्या माझ्याच नावाने दोन धडधाकट माणसांची शोकसभा फलकावर लागावी, हे माझ्या मनाला फार लागलं. शनिवारी अर्धी रजा मागायला गेलो तर साहेबांच्या टेबलावरही तो फोटो पोचला होता. "जवळचे होते?" त्यांनी हळुवारपणे विचारलं. मी म्हटलं, "लहानपणापासून." खोटं त्यात काही नव्हतं. त्यांनी मला पूर्ण दिवसाची रजा दिली आणि उठून उभं राहून दिली.

शनिवारी हॉल भरला. सेक्रेटरींनी एका खुर्चीवर रेकॉर्डचं कव्हर उभं करून ठेवलं होतं आणि येणारा प्रत्येक जण तिथे फुलं ठेवत होता. डॉक्टरांचे कपाटाएवढे स्पीकर दोन्ही बाजूंना शोकाकुल नातेवाइकांसारखे उभे होते. पहिल्या रांगेत बसलेल्या एका गृहस्थांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी पहिल्यापासून' असं सुरू व्हायचं, म्हणून आम्ही त्यांना पहिल्यापासूनकाका म्हणतो. काळ्या कोटाच्या आत त्यांनी लंबू-ठेंगूंच्या एका जुन्या कार्यक्रमाचा, त्यांचं चित्र छापलेला टी-शर्ट घातला होता. पोटावर ताणला गेल्यामुळे त्यातला ठेंगू लंबूपेक्षा रुंद दिसत होता.

मी माइकपाशी गेलो. "मित्रहो, सुरुवातीलाच एक गैरसमज—"

भीतीने माझा आवाज चिरकला. पहिल्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. डॉक्टर लगबगीने आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसा तुम्ही. मी बघतो पुढचं."

"अहो, पण ते—"

"कळतंय मला. पाणी प्या."

मी पाणी पीत असताना दारात ताई उभी दिसली. हातात छत्री, खांद्याला पिशवी. ती शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरून बसली, मध्येच उठून जायचं ठरवून आलेली माणसं बसतात तशी. मी धावत गेलो.

"ताई, तू?"

"वहिनीने फोन केला होता. शोकसभेला नाही म्हणत नाहीत." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "गाणं ऐकायला आलेले नाही मी. सभेला आलेय."

मी बायकोकडे बघितलं. ती फुलं सरळ करण्यात भलतीच गुंतली होती.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण ताई वर्षभरानंतर स्वतःहून कुठेतरी आली होती, आणि तेही लंबू-ठेंगूंसाठी. माझी जीभ उचलेना.

पहिल्यापासूनकाकांनी भाषण केलं. ते म्हणाले, मी पहिल्यापासून सांगत होतो की असे पुन्हा होणे नाही. मग रेकॉर्ड लागली.

त्या दुपारसारखं श्रवण मी पुन्हा अनुभवलं नाही. पहिल्या गाण्यात लंबूचा आवाज आला तेव्हा हॉलमध्ये एकच उसासा उमटला. तो आवाज आता जाड झाला होता, कडांना थोडा झिजला होता. एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "किती परिपक्वता!" दुसऱ्या गाण्यात ठेंगूची बोटं एके ठिकाणी किंचित मागे राहिली. "मुद्दाम!" पहिल्यापासूनकाका पुटपुटले. "काळच थांबवलाय त्याने." तिसऱ्या गाण्यात कोणा तरुण वादकाने असा काही ढोल बडवला होता की खिडक्या थरथरल्या, आणि सेक्रेटरी 'मर्यादित आवाजात' असं म्हणायला उठले, पण सगळ्यांचे डोळे मिटलेले बघून तेही डोळे मिटून बसले. "मृत्यू दारावर थाप मारतोय," डॉक्टर माझ्या कानात म्हणाले. मला तर तो नुसता गोंगाट वाटला होता, पण शोकसभेत असं बोलता येत नाही.

पहिली बाजू संपली. डॉक्टर रेकॉर्ड उलटवायला उठले आणि हॉल अगदी शांत झाला. नेमक्या त्या शांततेत ताईने विचारलं,

"कधी गेले रे? दोघं एकाच दिवशी?"

एक्स्चेंजमधला आवाज. शेवटच्या रांगेतून स्पीकरशिवाय पहिल्या रांगेपर्यंत गेला. सगळे माझ्याकडे वळले. कोणाशीही खोटं बोललो असतो, पण ताईशी नाही.

"ताई, ते गेलेले नाहीत."

"म्हणजे?"

"आहेत. ठणठणीत आहेत. लंबूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेवढंच."

पहिल्यापासूनकाका सावकाश उभे राहिले.

"आहेत?"

"आहेत."

"दोघंही?"

"दोघंही."

त्यांनी डोळे पुसले. रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला. आणि मग कडाडले, "मग त्या तिसऱ्या गाण्यात तो ढोल कशासाठी घातलाय?"

तिथून सभेचा ताबा सुटला. इतका वेळ दाबून धरलेली मतं एकदम बाहेर पडली. परिपक्वता म्हणणाऱ्या बाई म्हणाल्या, त्याचा घसा बसलाय, त्याने रियाज करायला हवा, या वयात आळस बरा नाही. ठेंगूने काळ थांबवला होता, तो आता बोटं आखडल्यामुळे चुकला होता. कोणी म्हणालं, पैशासाठी काढलाय. कोणी म्हणालं, पैसे पुष्कळ आहेत त्यांच्याकडे, बायकांनी घराबाहेर काढलं असेल म्हणून काढलाय. एका गृहस्थांनी आपली फुलं परत उचलली. सेक्रेटरी माझ्या अंगावर येऊन, हॉलचा गैरवापर झाल्याचं सांगू लागले. मी म्हटलं, शिक्का तुमचा आहे. ते म्हणाले, आठवणी तुमच्या होत्या. मी त्या गदारोळात एका खुर्चीला धरून उभा होतो आणि सोमवारी ऑफिसात कुठल्या तोंडाने जायचं याचा विचार करत होतो.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. आधी मला वाटलं कोणाला ठसका लागलाय. वळून बघतो तर ताई छत्रीच्या मुठीवर कपाळ टेकून हसत होती. खांदे गदगदा हलत होते. ती मान वर करायची, माझं तोंड बघायची आणि पुन्हा मुठीवर कोसळायची. "गुडघ्याचं ऑपरेशन!" एवढंच तिला बोलता येत होतं. मला अपमान वाटायला हवा होता. पण वर्षभरात ऐकलेलं तिचं ते पहिलं हसू असं होतं की मीही हसायला लागलो.

हसता हसता तिचं हसू बदललं. बायको तिच्याकडे जायला निघाली, पण ताईने हात वर करून तिला थांबवलं, डोळे पुसले आणि उभी राहिली.

"एक मिनिट सगळ्यांनी थांबा."

या आवाजाने तिने मोठमोठ्या अधिकाऱ्यांना ताटकळत ठेवलं होतं. भांडणारे जिथल्या तिथे थांबले.

"सभा शोकाची आहे, माणसं जमलीच आहेत, हॉलही मिळालाय," ती म्हणाली. "तर मी दोन शब्द बोलते. माझे यजमान गेल्या वर्षी गेले. माझी सभा घेऊ नका, लोक खोटं बोलतात, असं सांगून गेले होते, म्हणून घेतली नाही. तेव्हा मी खरं तेच बोलते. माणूस चिडका होता. ओला टॉवेल पलंगावर टाकायचा. या दोघांच्या कार्यक्रमाच्या रांगेत आमची ओळख झाली. माझ्यापाशी येऊन तिकिटं संपली, तर त्यांनी आपलं मला दिलं आणि म्हणाले, मी बाहेर भिंतीशी उभा राहतो, तिथून जास्त चांगलं ऐकू येतं. मला ते खरं वाटलं. मी बाहेर आले तेव्हा त्यांना विचारलं, कोणतं गाणं आवडलं, तर त्यांनी दोन आठवड्यांपूर्वी रेडिओवर ऐकलेली सगळी नावं सांगितली. त्यांना भिंतीतून एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पुढे संसारात पुष्कळ भांडलो. पण मला मिळावं म्हणून तो माणूस नेहमी भिंतीबाहेर उभा राहिला." ती थांबली. "घरात गाणं लावलं की वाटायचं, आता ते बाहेर कुठेतरी उभे आहेत आणि त्यांना ऐकू येत नाहीये. म्हणून लावत नव्हते. एवढंच."

ती बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्यापासूनकाका उभे राहिले, मग त्यांच्या शेजारची बाई, मग सगळाच हॉल. ज्या गृहस्थांनी फुलं परत घेतली होती ते शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि ती त्यांनी ताईच्या हातात दिली. सेक्रेटरींनी पुढे होऊन दरवाजा उघडला आणि दोन्ही कवाडं भिंतीला लावून ठेवली. नंतर विचारलं तर म्हणाले, उकडत होतं.

डॉक्टरांनी दुसरी बाजू लावली. शेवटच्या गाण्यात लंबूचा आवाज वर चढायला निघाला आणि अर्ध्यावर थकला. त्या ठिकाणी दुसरा एक आवाज त्याच्या खालून आला, खरखरीत, थोडा बेसूर, पण घट्ट.

"हा कोण?" पहिल्यापासूनकाका दचकले. "तिसरा माणूस घेतलाय?"

"ठेंगू आहे," ताई म्हणाली.

"अहो बाई, मी पहिल्यापासून सांगतो, तो आजवर एकदाही गायलेला नाही."

"म्हणूनच इतका घाबरलाय. ऐका ना नीट. लंबूला वरचा सूर पेलत नाहीये, हे त्याला कळलंय. त्याने फक्त खालून हात दिलाय." ती डोळे मिटून ऐकत होती. "आयुष्यभर आवाजच ऐकलेत मी. हा माणूस गाण्यासाठी गात नाहीये. मित्र पडू नये म्हणून गातोय."

पहिल्यापासूनकाकांनीही डोळे मिटले.

गाणं संपल्यावर ताई रडली. बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून, लहान मुलासारखं नाक ओढत, मागल्या वर्षी रडायला हवं होतं तसं रडली. मग चहा आला. चहासोबत चाहते पुन्हा ढोलावर घसरले, आणि थोड्या वेळाने बघतो तर ताई हातातली बिस्किटं विसरून पहिल्यापासूनकाकांना दुसऱ्या गाण्यातली चूक समजावत होती. निघताना तिने कव्हर उचललं, रेकॉर्ड आत सरकवली आणि पिशवीत टाकली. मला विचारलं नाही. डॉक्टरांनी यंत्र स्वतःच्या गाडीतून तिच्या घरी पोचवलं. ते परत कधी मिळणार हे त्यांनीही विचारलं नाही, फक्त आता दवाखान्यात पेशंट ओरडतात तेव्हा वरचा मजला माझ्याकडे जरा रोखून बघतो.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी मला बोलावून, यापुढे कोणाच्याही मृत्यूची खात्री करताना मी आधी त्यांना विचारावं, असं सुचवलं. तो अपमान मी गिळला.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. तिच्या मागे काहीतरी धडाधड वाजत होतं, त्यामुळे तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"अरे, ते तिसरं गाणं मी पुन्हा पुन्हा ऐकलं!"

"मग?"

"वाईट आहे! अगदीच वाईट आहे! वहिनीला घेऊन लगेच ये, ऐकवते तुम्हाला!"